साडूभाऊंचा गुडघा

आमच्या साडूंना आजवर कुणी काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. शाळा-कॉलेजात ते रीतसर गेले, पदवीही आहे. पण तिथल्या प्राध्यापकांचा उल्लेख ते जुने सहकारी असल्यागत करतात. घरी प्लंबर आला की त्याच्या खांद्यावरून वाकून पाना कुठे धरायचा ते सांगतात. मुंजीत आचाऱ्याच्या मांडवात शिरून पाकाची तार बघून येतात. दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे तोंडात नळी, आरसा आणि कापूस असताना केवळ हातवाऱ्यांनी त्यांनी दिव्याचा कोन बदलून घेतला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. वय चव्वेचाळीस, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडी, म्हणजे आयुष्याचा बराच भाग चांदणी चौकात. माणूस मनाने फार चांगला. कुणाच्याही आजारपणात रात्री दोन वाजता दवाखान्यात हजर, आणि सव्वादोनला तिथल्या नर्सला सलाईनचा वेग सांगायला सुरुवात.

त्यांच्या छंदांचा क्रम ठरलेला आहे. आधी व्हिडिओ, मग सामान, मग शब्द. आणि एवढं होऊन वेळ उरलाच तर तो छंद. फोटोग्राफीच्या दिवसांत घरात तीन लेन्स आल्या आणि ‘बोके’ हा शब्द आला. फोटो मात्र सोसायटीतल्या एकाच बोक्याचे निघाले. कॉफीच्या दिवसांत काटा आला, थर्मामीटर आला, आणि ताई चहा प्यायला शेजारी जाऊ लागल्या. ट्रेकिंगचे बूट अजून माळ्यावर आहेत. त्यांनी राजगड पाहिलेला नाही, पण कुठल्या वाटेने चढू नये हे त्यांना विचारावं.

मग मोटरसायकल आली. ३९० सीसीची, केशरी, पुढे ओणवं होऊन चालवायची, आपल्या चाकणलाच तयार झालेली. दर रविवारी पहाटे अशा आठ-दहा गाड्या ताम्हिणीकडे नाहीतर पानशेतकडे निघतात. फिरणं हे निमित्त. खरं कार्य मिसळीच्या टपरीपाशी. चहा येईपर्यंत ही मंडळी एकमेकांच्या गाड्यांमागे उकिडवी बसून टायर बघतात. गाडी वळणात जितकी कलते तितका टायर कडेपर्यंत वापरला जातो. ज्याची गाडी कलतच नाही त्याच्या टायरच्या दोन्ही कडांना कोऱ्या रबराची पट्टी राहते. तिला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात, आणि ती किती रुंद आहे यावर मालकाची पत ठरते. साडूभाऊंची दोन बोटं भरली. मोजणारा पोरगा विशीतला. तो काही वावगं बोलला नाही. फक्त उठून हात झटकत म्हणाला, “काका, तुम्हाला मिसळ मध्यम सांगू ना?”

त्या रात्री साडूभाऊंनी चेन्नईच्या एका रेसिंग स्कूलमध्ये शनिवार-रविवारच्या वर्गाचे पैसे भरले. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्या विमानाचं तिकीट काढून झाल्यावर. रेसरला म्हणे पिट क्रू लागतो. “जा हो तुम्ही बरोबर,” ताई म्हणाल्या. “हात-पाय मोडलाच तर फोन करायला कुणी मराठी माणूस हवा.”

पुढचा महिनाभर तयारी चालली. फ्रिजवर ट्रॅकचा नकाशा चिकटला. १२ वळणं, प्रत्येकाला आकडा. दूध काढता-ठेवता ताईंना तो पाठ झाला. मग सामान येऊ लागलं. नियमात बसणारं हेल्मेट, मनगटावर चढणारे ग्लव्हज, घोट्याच्या वर जाणारे बूट, पाठीचं कवच, आणि सगळ्यांत शेवटी, मोठ्या खोक्यातून, एकसंध कातडी सूट. सूटची खरी किंमत ताईंना अजून माहीत नाही, म्हणून ती इथे छापत नाही.

रेसिंगचा सूट उभ्या माणसासाठी शिवलेला नसतो. तो गाडीवर ओणव्या बसलेल्या माणसाच्या मापाने कापलेला असतो. त्यामुळे तो घालून सरळ उभं राहायला गेलं की कातडं माणसाला परत वाकवतं. पाठीवर हवेसाठी काढलेलं कुबड असतं, ते वेगळंच. साडूभाऊ त्यात शिरत होते तो सोहळा मी पाहिला. गादी उशीच्या अभ्र्यात घालतात तसा. चेन छातीपाशी अडली.

“श्वास सोडा,” ताई म्हणाल्या.

“सोडलाय.”

“मग पोट आत घ्या.”

“घेतलंय.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही बाजू एकत्र धरल्या, त्यांनी चेन ओढली, आणि साडूभाऊ बंद झाले.

सूटच्या दोन्ही गुडघ्यांवर बाहेरून वेल्क्रोने चिकटवलेली कडक प्लास्टिकची एकेक वडी असते. तिला नी स्लायडर म्हणतात. वळणात गाडी पुरेशी कलली आणि स्वाराने अर्धं बूड सीटबाहेर काढून आतला गुडघा खाली सोडला, की ही वडी रस्त्याला घासते. किती कललो याचा अंदाज स्वाराला तिच्यावरून येतो. कामाची वस्तू आहे. पण साडूभाऊंच्या लेखी तिचं काम एकच, घासलेलं दिसणं. चकचकीत नवी वडी म्हणजे कोरी पाटी. ओरखडे उमटलेली म्हणजे पदवी. “परत येताना ही अशी येणार नाही,” ते वडीवर नख आपटून म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, की सोसायटीच्या फरशीवर थोडी घासून ठेवली तर ते खोटं ठरेल का. मी म्हटलं, ठरेल. त्यांनी तो विचार मोठ्या मनाने सोडून दिला.

पार्किंगमध्ये गाडीचं सोलणं सुरू झालं. ट्रॅकवर आरसे लागत नाहीत, कारण मागे बघायचंच नसतं, ते निघाले. नंबरप्लेट निघाली. दिव्यांच्या काचा फुटल्या तर पसरू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी बसली. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की निसरडं होतं आणि लवकर धुतलंही जात नाही. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग साडूभाऊंनी साइड स्टँड काढलं. शाळेने ते काढायला सांगितलं नव्हतं. पण प्रत्यक्ष शर्यतीत ते काढावं लागतं, कारण कललेल्या गाडीखाली ते सुटून लोंबलं तर गाडी उचलून फेकतं. “मग गाडी उभी कशी करायची?” मी विचारलं. त्यांनी खोकं उघडून मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड दाखवला. “तुम्ही करायची,” ते म्हणाले. “पिट क्रू.”

गाडी ट्रकने पुढे गेली, आम्ही विमानाने. हेल्मेट त्यांनी सामानात दिलं नाही. मांडीवर घेऊन बसले, आणि हवाईसुंदरीने विचारायच्या आधीच तिला ते कशाचं आहे ते सांगितलं.

चेन्नईहून बंगळूरच्या हमरस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेलं की श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. एका अंगाला ह्युंदाईचा कारखाना आणि त्याच परिसरात हा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा. क्लब १९५३ सालचा, ट्रॅक १९९० चा. त्याआधी इथली मंडळी शोलावरमच्या जुन्या, महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर शर्यती लावत. विमानं गेली, मोटारी आल्या. आपल्याकडे आकुर्डी-चाकणला गाड्या बनतात, लुनापासून स्पोर्ट्‌स बाइकपर्यंत सगळं पुण्याच्या माणसाने चालवलं, सिग्नलला पुढचं चाक झेब्रा पट्ट्यावर ठेवण्यात आपला हात धरणारा नाही. पण शर्यत शिकायची म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या चेन्नई, नाहीतर कोइमतूर. चेन्नईच्या गल्लीतल्या गॅरेजांत वाढलेली पोरं राष्ट्रीय विजेती होतात. साडूभाऊंना हे मान्य होतं. त्याचं कारण त्यांच्या मते हवा.

हवा होतीच. सकाळी आठ वाजता पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, दमट ऊन पडलं होतं आणि साडूभाऊ बंद अवस्थेत होते. पहिला फॉर्म भरायचा तो मेलो तर कुणाची तक्रार नाही, अशा अर्थाचा. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. साडूभाऊंनी तो पूर्ण वाचला आणि तिसऱ्या कलमातला स्वल्पविराम दुरुस्त करून सही केली.

मग गाड्यांची तपासणी. तपासणारा म्हातारा मेकॅनिक, कपाळाला विभूती, खिशात टॉर्च. चेनचा ताण त्याने एका बोटाने पाहिला, ब्रेकचा दांडा दाबला, टायरमधली हवा कमी केली. ट्रॅकवर टायर तापतो आणि आतला दाब आपोआप वाढतो, म्हणून सुरुवातीला कमी ठेवतात. साडूभाऊ त्याला हे सगळं समजावून सांगत होते. म्हातारा तमिळ, साडूभाऊ हिंदी, त्यामुळे कुणाचंच नुकसान झालं नाही. शेवटी त्याने खाली वाकून पाहिलं, जिथे साइड स्टँड असायला हवं तिथे हात फिरवला, आणि भुवया वर केल्या.

“रेस?” त्याने विचारलं.

“नो, नो. स्कूल.”

म्हाताऱ्याने गाडीवर ओकेचा स्टिकर लावला आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. तो सुस्कारा तेव्हा मला कळला नाही.

वर्गात तीसेक जण. त्यांत एक बंगळूरची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी होती, शाळेचीच २०० सीसीची गाडी भाड्याने घेतलेली, वेणी सूटच्या आत खोचलेली. शिकवणारा चोविशीतला, वजन पन्नास किलोच्या आत, आवाज त्याहून हलका. त्याने फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं, की गाडी उजवीकडे वळवायची तर उजवी मूठ पुढे ढकला. साडूभाऊंचा हात वर गेला. असं केलं तर हँडल डावीकडे वळेल, हे त्यांनी सर्वांच्या निदर्शनास आणलं. “येस सर,” पोरगा म्हणाला. “अँड द बाइक गोज राइट.” साडूभाऊ हसले, वर्गाकडे वळून हसले. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, ते म्हणाले.

आता यात पोरगा बरोबर होता, आणि हा वाद त्याच्या आजोबांहून जुना आहे. विमान उडवण्याआधी राइट बंधू सायकली बनवून विकत. त्यांतल्या विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं, की डावीकडे वळताना तुम्ही काय करता? जवळजवळ सगळे म्हणाले, हँडल डावीकडे वळवतो. प्रत्यक्षात आधी ते किंचित उजवीकडे वळवतात, चाकं खालून उजवीकडे सरकतात, धड डावीकडे कलतं, आणि मग सायकल वळते. हे सगळे करतात, ठाऊक कुणालाच नसतं. साडूभाऊंना पॅडॉकमधल्या मोकळ्या जागेत नेऊन ताशी चाळीसला एकच मूठ हलकेच ढकलायला लावली. गाडी निमूट त्या बाजूला झुकली. ते परत आले, हेल्मेटची काच वर केली. “या गाडीत तसं होतंय,” ते म्हणाले.

पहिलं सेशन वीस मिनिटांचं. अट अशी की एकच गिअर आणि ब्रेकला हात लावायचा नाही. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाआधी वेग किती हवा याचा अंदाज नवशिक्याला आपसूक घ्यावा लागतो, आणि तोच शिकवायचा असतो. वेगात आत घुसलेला मध्येच घाबरून थ्रॉटल सोडतो; तसं केलं की वजन पुढच्या चाकावर येतं आणि सगळंच बिनसतं. त्याऐवजी आत शांत जायचं, गाडी एकदाच झुकवायची आणि मग थ्रॉटल हळूहळू, अखंड उघडत बाहेर पडायचं. दोन्ही चाकं जमिनीला टेकतात ती जागा एकेका तळहाताएवढी. सगळा कारभार तेवढ्यावर.

मी पिटच्या भिंतीपाशी उभा राहून ऐकत होतो. गाड्या मेन स्ट्रेटवरून सी-वनकडे, म्हणजे पहिल्या वळणाकडे, गेल्या, आवाज दूर गेला, आणि मग शांततेत, ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाकडून, हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग दोनदा. पिटमधल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या त्या ट्रॅकवर वळणापूर्वी हॉर्न वाजवणारा बहुधा पहिलाच स्वार आला होता. वरंधा घाटात वाढलेला अंगठा. त्याला काय कळणार की समोरून एसटी येणार नाही.

झेंड्यांचं त्यांना सगळं पाठ होतं. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नको. लाल म्हणजे सगळ्यांनी परत. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान कुणीतरी येतंय. आदल्या रात्री हॉटेलात मिठाची आणि मिऱ्याची बाटली फिरवून त्यांनी मला हे समजावलं होतं. त्या सकाळी जवळच्या पोस्टवरच्या मुलाने त्यांच्यासाठी निळा झेंडा जो उचलला तो खाली ठेवलाच नाही. बंगळूरची मुलगी पुढे गेली. आमच्याहून वयस्कर एक गृहस्थ पुढे गेले. शिकवणारा पोरगा तसल्याच २०० सीसीच्या गाडीवर, एका हाताने मागे इशारे करत, वळणाच्या बाहेरून पुढे गेला.

मी घड्याळ लावून बसलो होतो. फेरीला तीन मिनिटं. ३.७ किलोमीटर, तीन मिनिटं, म्हणजे ताशी ७४. एक्स्प्रेसवेवरून दादरला जाणारी शिवनेरी याहून जोरात जाते, आणि तिच्यात लोक झोपलेले असतात. हा हिशोब मी साडूभाऊंना सांगितला नाही. तसा मी भित्रा नाही, पण परतीचं तिकीट त्यांच्या फोनमध्ये होतं.

ते आले, मी पॅडॉक स्टँड लावला, हेल्मेट निघालं. चेहरा उकडलेला. “ट्रॅकचा सरफेस जरा…” असं त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात पोरगा येऊन शेजारी उकिडवा बसला. त्याने एकच प्रश्न विचारला. सर, तुम्ही कुठे बघता?

“रोडकडे.”

“रोड कुठे?”

साडूभाऊंनी पुढच्या चाकासमोर तीन-चार मीटरवर बोट दाखवलं. पोरगा बोलेना. मग म्हणाला, सर, इथे खड्डे नाहीत.

मला वाटतं, त्या क्षणी काहीतरी झालं. पुण्याच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर कायमची खाली वळलेली असते. पाइपलाइनसाठी खणलेला चर, न रंगवलेला गतिरोधक, ड्रेनेजचं रस्त्याहून वर आलेलं झाकण. पुढचं चाक कुठे टाकायचं यात जन्म जातो. आणि मोटरसायकल जाते नजर जाते तिकडे. खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यात जातो, वळणाच्या शेवटाकडे बघणारा शेवटाकडे. हे वाक्य मी यापूर्वी साडूभाऊंच्याच तोंडून ऐकलं होतं, त्यांना ते व्हिडिओतून पाठ होतं. पण स्वतःची नजर कुठे आहे हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना विचारायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

दुपारी ते गप्प होते. मला काळजी वाटू लागली. ऊन लागलं म्हणून मी ताक आणून दिलं. प्यायले, ताकावर काही बोलले नाहीत. सूट कमरेपर्यंत सोलून, बाह्या पोटावर बांधून बसले होते. तिथले सगळे असेच बसतात, आणि या पोशाखात लघवीला जाणं हा जोडीदार लागणारा कार्यक्रम असतो, त्याचं वर्णन करत नाही. संध्याकाळी हॉटेलवर परत जाताना एकदाच म्हणाले, “पोरगं चांगलं आहे.” रिक्षावाल्याला रस्ताही त्यांनी सांगितला नाही.

रविवारी सकाळी वर्गात साडूभाऊंचा हात पुन्हा वर गेला. मी डोळे मिटले. पण त्यांनी प्रश्न विचारला. खरा प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं असा. सहाव्या वळणात गाडी नेमकी कुठे झुकवू, मला ती जागा सापडत नाहीये, असं ते म्हणाले. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो, त्यांच्या तोंडून ‘मला सापडत नाहीये’ हे शब्द कधी ऐकले नव्हते. चष्मा हरवला तरी ते ‘चष्मा कुणीतरी हलवलाय’ म्हणतात. पोरग्याने फळ्यावर वळण काढलं, उशिरा वळायची खूण केली. साडूभाऊंनी खिशातून छोटी वही काढून ते टिपून घेतलं. मागे बसलेल्या बंगळूरच्या मुलीने वाकून त्यांच्या वहीत बघून घेतलं आणि तेच आपल्या वहीत टिपलं. त्यांनी वही तिच्याकडे सरकवली आणि, खरं सांगतो, काही समजावलं नाही.

त्या दिवशीच्या सेशनांचं सगळं सांगत नाही, भिंतीपासून फारसं दिसतही नाही. हॉर्न बंद झाला. फेरीची तीन मिनिटं हळूहळू अडीचकडे आली. शेवटच्या सेशनमध्ये पोरगा त्यांच्यापुढे राहिला, ते त्याच्या मागे, त्याच्याच रेषेत. वळणाच्या बाहेरून आत, आतून बाहेर. मेन स्ट्रेटवरून जाताना पहिल्यांदाच मला त्यांची हनुवटी वर दिसली. निळा झेंडा खाली होता. गुडघा मात्र रस्त्यापासून चांगला वीतभर वर होता, पण तो बाहेर निघालेला होता, आणि ती वीत आदल्या दिवशी हातभर होती. चौकटीचा झेंडा पडला.

ते पॅडॉकमध्ये शिरले तेव्हा हेल्मेटच्या आत गात असावेत, कारण काच धुकटली होती. पोरग्याने अंगठा वर केला. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी पॅडॉक स्टँड घेऊन निघालोच होतो. मध्ये चार गाड्या, त्यांतून वाट काढत येत होतो. साडूभाऊंनी इंजिन बंद केलं. चाव्या काढल्या. पंचवीस वर्षं रोज जसं करतात तसं डाव्या टाचेने साइड स्टँड खाली ढकललं, आणि निश्चिंतपणे गाडी डावीकडे टेकवली.

स्टँड पुण्याला, पार्किंगमधल्या डब्यात होतं.

कुणालाच घाई नव्हती. गाडी अतिशय संथपणे, सगळ्यांना नीट बघता येईल अशी आडवी झाली, आणि साडूभाऊ तिच्याबरोबर. ताशी शून्य किलोमीटर. बूट वाचले, पाठीचं कवच वाचलं, हेल्मेटला धक्का नाही. सूटने आपली किंमत वसूल केली. सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला आणि तो काँक्रीटवर कर्रर्र करत बोटभर सरकला.

आम्ही चौघांनी गाडी उचलली. विभूतीवाला म्हातारा कुठूनसा आला. त्याने सुस्कारा टाकला. या खेपेला मला कळला. साडूभाऊ जमिनीवरच बसून होते. मी विचारलं, लागलं का? ते काही बोलले नाहीत. डावा गुडघा वळवून उजेडात धरून बघत होते. नव्या वडीवर, तिरके, खोल, एकाला एक समांतर, पाच-सहा ओरखडे.

“फोटो काढा,” ते म्हणाले.

विमानतळावर पोचायच्या आत तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. खाली एकच ओळ, ‘गुडघा टेकला.’ यात तसं खोटं काही नव्हतं. बेचाळीस अंगठे आले. मिसळीच्या टपरीवरच्या पोरानेही तो कुठूनसा मिळवला आणि लिहिलं, ‘काका, रिस्पेक्ट.’

पुढच्या रविवारी ताईंकडे जेवायला गेलो तर स्लायडर शोकेसमध्ये, फोटोग्राफीच्या लेन्सशेजारी. साडूभाऊ माझ्या मेहुण्याच्या मुलाला समजावत होते, की नजर नेहमी दूर ठेवायची, जवळ नाही. ताई पोळ्या वाढता वाढता थांबल्या.

“तुम्ही होतात ना तिथे?” त्यांनी मला विचारलं. “कुठल्या वळणावर टेकला हो यांचा गुडघा?”

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटीचा भुरका मारला.

“तेराव्या,” मी म्हटलं.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजवरच्या नकाशावर बोट फिरल्याचा आवाज इथवर आला नाही, पण परत आल्या तेव्हा त्यांनी मोजलेलं होतं.

“बाराच आहेत.”

“पॅडॉकमधलं धरलेलं नाही त्यांनी,” साडूभाऊ म्हणाले. “नकाशाच चुकलाय. मी कळवणार आहे त्यांना.”